न गळणारी ओंबी

पिकलेल्या गव्हाची एक ओंबी हातात घेऊन ती जरा हलवून पाहावी. कुसळे टोचतात, दाणे किंचित खुळखुळतात. परंतु ओंबी मोडत नाही आणि दाणा गळत नाही. शेतकरी ती कापतो, पेंढ्या बांधतो, खळ्यावर आणतो आणि तेथे बैलांच्या पायांखाली अथवा यंत्रात घालून मळतो, तेव्हा कोठे दाणा मोकळा होतो. ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की, तीत काही विशेष आहे असे कोणास सहसा वाटत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने मात्र हा मोठाच विपरीत प्रकार होय. बी पिकले की ते जमिनीवर पडले पाहिजे. पिकूनही जे गवत आपले बी सोडीत नाही, त्याचा वंश रानात टिकत नाही.

गव्हाचे व सातूचे वन्य पूर्वज पश्चिम आशियातील डोंगरउतारांवर आजही उगवतात. त्यांची ओंबी पिकू लागली की तिचा मधला कणा सांध्यासांध्याशी ठिसूळ होतो. मग वाऱ्याची झुळूक आली, एखादे पाखरू येऊन बसले, एवढे निमित्त पुरते. ओंबीचे लहान लहान घोस एकामागून एक सुटतात. प्रत्येक घोसास लांब कुसळे असतात. ती त्यास सरळ खाली पाडतात आणि दिवसाच्या कोरड्या व रात्रीच्या दमट हवेने हलत राहून दाणा मातीत रुतवितात. पेरणीची ही सारी व्यवस्था वनस्पतीने स्वतःच केलेली असते. शेतातल्या गव्हाने ती गमावली आहे. मनुष्याने हात लावला नाही तर त्याची पुढची पिढी उगवणे कठीण. आणि आता मनुष्याचीही स्थिती अशी झाली आहे की, गहू, तांदूळ, मका यांसारख्या थोड्या गवतांवाचून त्याचे चालत नाही.

हे परस्परावलंबन केव्हा, कसे व कोणत्या किमतीस घडून आले, हा मानवाच्या प्राचीन इतिहासातील एक मोठा प्रश्न आहे. पहिली गावे, पहिली नगरे आणि पहिली लिपी यांची मुळे या प्रश्नाच्या उत्तरात गुंतलेली आहेत.

शेतीपूर्वीचा दीर्घ काळ

आफ्रिकेत केनियामध्ये सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. भारतात पुराणाश्मयुगीन हत्यार प्रथम ओळखले ते रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने, १८६३ मध्ये, मद्रासजवळील पल्लावरम् येथे. त्याच प्रदेशातील अतिरामपाक्कम येथील हातकुऱ्हाडींचे वय आता सुमारे १५ लाख वर्षे ठरले आहे. ही हत्यारे आजच्या मानवाच्या पूर्वीच्या जातींची होत. आजच्या मानवजातीचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोमधील जेबेल इर्‌हूद येथे मिळाले असून त्यांचे वय सुमारे ३ लाख वर्षे आहे. हा ३ लाख वर्षांचा इतिहास शंभर पानांच्या एका पुस्तकात लिहिला, तर शेतीचा उल्लेख पहिल्याने शहाण्णव पाने उलटल्यावर येईल आणि लेखनकला शेवटच्या दोन पानांत मावेल.

पहिली शहाण्णव पाने कोरी नाहीत. भाषा, चित्रकला, शिवलेली वस्त्रे, मृतांचे दफन, समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियापर्यंत केलेला प्रवास हे सारे त्या पानांवरचेच आहे. शिकार करून व कंदमुळे वेचून जगणाऱ्या त्या लोकांना एका शब्दात ‘रानटी’ ठरवून पुढे जाण्याची जी सवय जुन्या शालेय पुस्तकांनी लावली, ती सोडलेली बरी. कोणती वनस्पती कोठे व केव्हा पिकते याचे त्यांचे ज्ञान फार सूक्ष्म होते.

याचा एक उत्तम पुरावा १९८९ मध्ये हाती आला. त्या वर्षी गॅलिलीच्या सरोवराचे पाणी बरेच ओसरले आणि एरवी बुडालेल्या काठावर झाडांच्या फांद्यांनी बांधलेल्या झोपड्यांचे जळके अवशेष उघडे पडले. या स्थळास ओहालो असे नाव आहे. तेथे २३,००० वर्षांपूर्वी वस्ती होती. वस्ती जळाली, नंतर पाण्याखाली गाळात पुरली गेली, म्हणून तेथील वनस्पतींचे ९० हजारांहून अधिक अवशेष टिकले. ते १४० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींचे आहेत आणि त्यांत रानटी सातू व रानटी गहूही आहेत. एका सपाट दगडावर सातूच्या पिठाचे सूक्ष्म कण चिकटलेले आढळले. धान्य हे खाद्य आहे हे मनुष्यास शेती सुरू होण्यापूर्वी दहा हजारांहून अधिक वर्षे ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो.

येथे वाचकास साहजिकच शंका येईल की, हजारो वर्षांपूर्वीचा दाणा कुजून कसा गेला नाही? बहुतेक दाणे कुजलेच. परंतु जो दाणा चुलीजवळ अर्धवट जळून कोळसा झाला, त्यास कीड लागत नाही व बुरशीही लागत नाही. उत्खनन करणारे चुलींची व केरकचऱ्याची माती पाण्याच्या पिंपात टाकून ढवळतात. माती तळाशी बसते आणि हलके काळे दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून सुकवितात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या घोसाच्या बुडाशी असलेला तुटल्याचा व्रण तपासावयाचा. व्रण गुळगुळीत असेल तर घोस आपोआप सुटला होता, म्हणजे धान्य रानटी जातीचे. व्रण फाटका व ओबडधोबड असेल तर तो मळून तोडावा लागला होता, म्हणजे ओंबी न गळणाऱ्या जातीची. एका मोहरीएवढ्या खुणेवर मानवेतिहासातील एक मोठे प्रकरण उभे आहे.

ओहालोनंतर काळाची मोठी उडी घेऊन जॉर्डनमधील शुबैका येथे यावे लागते. तेथील एका चुलीत सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे जळके तुकडे सापडले आणि ते पातळ, न फुगविलेल्या भाकरीचे आहेत, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही भाकरी रानात वेचलेल्या धान्याची होती. भाकरी शेतीहून सुमारे ३,००० वर्षांनी तरी जुनी आहे!

ती भाजणारे लोक ज्या संस्कृतीचे होते, तीस नातुफी म्हणतात. डॉरथी गॅरड या विदुषीने १९२८ मध्ये पॅलेस्टाइनमधील नातुफ ओढ्याच्या खोऱ्यातील एका गुहेत उत्खनन केले, त्यावरून हे नाव पडले. नातुफी लोक दगडी पायाची गोल घरे बांधीत, चकमक दगडाची पाती हाडाच्या मुठीत बसवून विळे करीत आणि वर्षाचा बराच काळ एका जागी राहत. त्यांच्यापाशी शेत नव्हते. मनुष्याने प्रथम शेती केली व मग तो घर बांधून स्थिर झाला, हा जो क्रम पूर्वी शिकविला जाई, तो निदान या प्रदेशात उलटा ठरला. तुर्कस्तानातील ग्योबेक्ली तेपे येथे क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून उत्खनन केले. तेथील पाच मीटरांहून उंच दगडी स्तंभ इ. स. पू. सुमारे ९५०० पासूनचे आहेत, आणि ते उभारणारे लोक शिकारीवर व रानटी धान्यावर जगणारेच होते.

विळ्याने केलेली निवड

न गळणारी ओंबी कोणी शोधून काढली नाही. रानातही ती अधूनमधून उगवतच असते. सातूच्या बाबतीत २०१५ मध्ये असे दाखविण्यात आले की, दोन शेजारशेजारच्या जनुकांपैकी एकात बिघाड झाला तरी ओंबीचा कणा ठिसूळ होत नाही, आणि असा बिघाड निरनिराळ्या ठिकाणी दोनदा स्वतंत्रपणे रुजला. रानात या बिघाडाची किंमत म्हणजे निर्वंश. शेतात मात्र तोच गुण ठरतो, तो असा.

एखादी स्त्री विळा घेऊन पिकलेल्या रानटी सातूत शिरली आहे अशी कल्पना करावी. तिने ताटे मुठीत धरताच धक्क्याने पुष्कळसे दाणे जमिनीवर सांडतात. ज्या थोड्या ओंब्या मुळातच न गळणाऱ्या आहेत, त्यांचे सर्व दाणे मात्र तिच्या टोपलीत येतात. म्हणून टोपलीतल्या धान्यात न गळणाऱ्या जातीचे प्रमाण रानातल्यापेक्षा किंचित जास्त असते. याच धान्यातून पुढच्या वर्षीचे बियाणे काढून नव्या जागी पेरले तर ते प्रमाण आणखी वाढते. गहू व सातू यांत बहुधा फुलाचे परागण त्याच फुलात होते, त्यामुळे आलेला गुण दुसऱ्या जातीत मिसळून विरत नाही. अशी निवड वर्षानुवर्षे होत गेली की एक दिवस सारे शेत न गळणाऱ्या ओंब्यांचे होते. त्या स्त्रीस यातले काहीच ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

ही क्रिया किती वर्षे चालली असावी? १९९० मध्ये गॉर्डन हिलमन व स्टुअर्ट डेव्हिस यांनी गणिताने दाखविले की, परिस्थिती अगदी अनुकूल असेल तर हा पालट दोनशे वर्षांच्या आतही पुरा व्हावा. गणित बरोबर होते. परंतु उत्खननांत मिळालेले घोस मोजले गेले तेव्हा निराळेच दिसले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर सीरिया व आग्नेय तुर्कस्तानातील स्थळांच्या अभ्यासावरून गव्हाच्या ओंबीस पूर्णपणे न गळती होण्यास एक हजाराहून अधिक वर्षे लागली असे दिसते. चीनमध्ये यांग्त्सी नदीच्या खालच्या खोऱ्यातील तिएनलुओशान येथे भाताचे असेच मोजमाप झाले. सुमारे ६,९०० वर्षांपूर्वी तेथे न गळणाऱ्या भाताचे प्रमाण शेकडा २७ होते. तीनशे वर्षांनी ते शेकडा ३९ झाले. पंधरा पिढ्यांत शेकडा बारा! लोक ओंब्या पुऱ्या पिकण्याआधीच कापीत असतील, किंवा टोपलीत झोडून दाणे पाडीत असतील, किंवा पीक बुडालेल्या वर्षी पुन्हा रानातले बी आणीत असतील. या प्रत्येक गोष्टीने निवडीचा वेग मंदावतो.

गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९३६ मध्ये या स्थित्यंतरास ‘नवाश्मयुगीन क्रांती’ असे नाव दिले, आणि ते नाव रूढ झाले. परिणामांच्या दृष्टीने ते सार्थ आहे. परंतु क्रांती म्हटली की निर्धार करणारी माणसे डोळ्यांपुढे येतात, आणि येथे तशी कोणी नव्हती. जे शेती करू लागले, त्यांच्यापैकी कोणाच्याही हयातीत काही बदलले आहे असे त्यास जाणवले नसेल.

हा पालट रानातले अन्न अपुरे पडले म्हणून झाला, असे म्हणावे तर त्यासही अडचण आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी तुर्कस्तानातील कराजादाग पर्वतावर चकमकीची पाती बसविलेल्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला व १९६७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका तासाच्या श्रमात त्यांस सुमारे एक किलो निवडलेले धान्य मिळाले. एक कुटुंब तीन आठवडे असे राबले, तर वर्षभर खाऊन संपणार नाही इतके धान्य त्यास साठविता येईल, असा त्यांचा हिशेब होता. मग नांगरणी, पेरणी, खुरपणी यांचा खटाटोप कशासाठी? सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या काळात हवा पुन्हा थंड व कोरडी झाली होती आणि रानटी धान्याची कुरणे आकसली होती, हे एक कारण सांगितले जाते. एका जागी राहू लागलेल्यांची संख्या वाढली, हे दुसरे. नंतरच्या काळात हवामान उबदार व बरेच स्थिर झाले, म्हणून पेरणीचा भरवसा वाटू लागला, हे तिसरे. ही कारणे एकमेकांस छेदणारी नाहीत, आणि प्रत्येक खोऱ्यात त्यांचे वजन निरनिराळे असावे.

कष्टाचा हिशेब

सीरियामध्ये युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरैरा नावाचे एक टेकाड होते. नदीवर धरण बांधले जात होते आणि टेकाड जलाशयात बुडणार होते, म्हणून १९७२ व १९७३ मध्ये अँड्र्यू मूर यांनी तेथे घाईने उत्खनन केले. आज ती जागा पाण्याखाली आहे. शिकार व वेचणी करणाऱ्यांची वस्ती आणि तिच्यावर वाढलेले शेतकऱ्यांचे मोठे गाव असे दोन्ही थर तेथे एकाच जागी मिळाले.

तेथील सांगाड्यांचा अभ्यास थीया मॉलिसन यांनी केला. पुष्कळ सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला व विकृत झालेला होता. गुडघ्यांवर दाबाच्या खुणा होत्या आणि पाठीच्या खालच्या मणक्यांना इजा झालेली होती. हे सारे एकत्र केव्हा घडेल? पायाची बोटे खाली दुमडून, गुडघे टेकून, पुढे वाकून, दोन्ही हातांनी दगड पुढेमागे रेटीत माणूस रोज कित्येक तास बसला तर. हा दगड म्हणजे दळण्याचा दगड होय. फिरते जाते त्यानंतर हजारो वर्षांनी आले. त्या वेळी होता तो पाट्या-वरवंट्यासारखा जोड, फक्त आकाराने मोठा व जमिनीवर ठेवलेला. असे सांगाडे मुख्यत्वे स्त्रियांचे होते.

पहाटे उठून दळण दळणाऱ्या स्त्रीचे चित्र महाराष्ट्राच्या खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत घरोघर दिसे, आणि जात्यावरच्या ओव्यांत त्या कष्टाची वर्णनेही आहेत. त्या कष्टाचा सर्वांत जुना लेख अबू हुरैरा येथील हाडांवर लिहिलेला आहे.

आरंभीच्या शेतकऱ्यांच्या आरोग्याविषयी अन्य ठिकाणच्या हाडांतूनही बरेच कळते. पुष्कळ प्रदेशांत शेती आल्यावर लोकांची उंची घटली, दात अधिक किडले आणि रक्तक्षयाच्या व उपासमारीच्या खुणा वाढल्या. ज्या माणसाचे ताट पूर्वी शंभर प्रकारच्या वनस्पतींनी भरत असे, तो आता दोन-तीन धान्यांवर आला होता. घरे एकमेकांस भिडली, सांडपाणी व उंदीर वाढले, गुरे अंगणात आली, आणि त्यांबरोबर नवे रोगही आले.

तरीही शेती पसरत गेली, आणि याचे मुख्य कारण बहुधा मुले हेच असावे. भटकणाऱ्या आईस एका वेळी एकच मूल कडेवर वाहता येते. तिच्या दोन बाळंतपणांत साहजिकच काही वर्षांचे अंतर राहते. घर एका जागी असले आणि लहानग्यास पेज भरविता आली की हे अंतर कमी होते. मुले अधिक मरत, पण त्याहून अधिक जन्मत. अशा रीतीने वाढलेल्या गावास रानातल्या वेचणीवर परत जाता येत नव्हते, कारण तेवढ्या तोंडांस रान पुरले नसते.

कोठार आणि मातीची पाटी

धान्याचा एक गुण असा की ते वाळवून ठेवले तर टिकते. मांस टिकत नाही, फळे टिकत नाहीत. पण पेवात किंवा कणगीत भरलेला सातू पुढच्या सुगीपर्यंत पुरतो. जे टिकते ते मोजता येते, उसने देता येते, हिरावून घेता येते आणि राखावेही लागते. गावाभोवतालचा सर्वांत जुना ज्ञात तट व बुरूज जेरिको येथील आहे. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे साडेआठ मीटर उंचीचा तो दगडी बुरूज इ. स. पू. ८००० च्या सुमाराचा आहे. तो शत्रूसाठी होता, पुरासाठी होता, की अन्य काही कारणासाठी, यावर आजही एकमत नाही.

सर्व मोठी गावे नगरे झाली नाहीत. तुर्कस्तानातील चाताल हुयुक हे गाव हजाराहून अधिक वर्षे नांदले. तेथील घरे इतकी दाटीची होती की, आत जाण्याची वाट छपरातून होती, आणि घरातील मृतांस घराच्याच जमिनीखाली पुरीत. तथापि राजवाडा, मोठे सामायिक कोठार वा कारभाऱ्याची कचेरी असे तेथे काही दिसत नाही.

नगर घडले ते दक्षिण इराकच्या सपाट प्रदेशात. तेथे पाऊस इतका थोडा की कालव्यांवाचून पीक येत नाही. परंतु कालवे काढले की गाळाची जमीन भरभरून देते. उरुक नगरात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १९१२ पासून उत्खनने केली. इ. स. पू. ३२०० च्या सुमारास ते नगर अडीच चौरस किलोमीटर विस्ताराचे झाले होते. तेथे एका विशिष्ट भांड्याचे तुकडे अपरंपार सापडतात. तिरप्या काठाचे हे वाडगे साच्यात दाबून केलेले, ओबडधोबड, नक्षीचा लवलेशही नसलेले आहेत. ते कामकऱ्यांना धान्याचा किंवा भाकरीचा शिधा देण्याचे असावेत, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. या मताच्या बाजूने एक सुंदर पुरावा आहे. उरुकच्या आरंभीच्या लिपीत ‘खाणे’ किंवा ‘शिधा’ या अर्थाचे जे चिन्ह आहे, त्यात माणसाचे डोके आणि त्यापुढे असाच एक वाडगा काढलेला आहे.

ही लिपी जगातील सर्वांत जुनी ज्ञात लिपी होय. ओल्या मातीच्या लहान पाट्यांवर बोरूने दाबून ती लिहिलेली आहे. अशा काही हजार पाट्या उरुक येथे मिळाल्या. प्राचीन लोकांनी लेखनविद्या हाती येताच देवांची स्तोत्रे किंवा राजांचे पराक्रम लिहिले असतील, अशी वाचकाची अपेक्षा असेल, तर ती फोल ठरेल. शेकडा ८५ च्या आसपास पाट्या हिशेबाच्या आहेत. अमुक इतका सातू आला, अमुक इतका बीसाठी ठेवला, इतका मद्य करण्यास दिला, इतकी मेंढरे, इतके कामकरी. उरलेल्या बहुतेक पाट्या लेखनिकांनी शिकण्यासाठी केलेल्या शब्दांच्या याद्या आहेत. सातूच्या अनेक हिशेबांवर ‘कुशिम’ असे वाचले जाणारे एक नाव येते. ते एका कारभाऱ्याचे नाव असेल किंवा एखाद्या अधिकाराच्या जागेचे. पण ते व्यक्तीचे असेल, तर लेखात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक नाव राजाचे वा कवीचे नसून कोठीवाल्याचे आहे.

लेखनापूर्वीही मोजदाद होती. मातीच्या लहान गोळ्या, शंकू व चकत्या पश्चिम आशियात कित्येक सहस्रके वापरात होत्या. पुढे त्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर शिक्का मारीत. डेनिस श्मांट-बेसेरात यांच्या मते याच वस्तूंचे ठसे पाटीवर उमटविता उमटविता अंक व चिन्हे जन्मास आली. अंकांच्या बाबतीत हे मत बरेच मान्य झाले आहे. सर्व चिन्हांच्या बाबतीत नाही.

कालव्यांची एक बाजू आणखी सांगितली पाहिजे. उष्ण प्रदेशात पाणी देत राहिले आणि निचरा झाला नाही तर जमिनीतील क्षार वर येतात. सातू हा गव्हाहून अधिक क्षार सोसतो. दक्षिण इराकमध्ये काळाच्या ओघात गहू मागे पडून सातूच का उरला, याचे हे कारण थॉर्किल्ड जेकबसन व रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ मध्ये मांडले. पुढील संशोधकांनी त्यांच्या काही आकड्यांवर आक्षेप घेतले. तथापि आज भारतातील कालव्यांखालच्या चोपण जमिनी पाहिल्या तर प्रश्न जुना असला तरी संपलेला नाही, हे ध्यानी येते.

सिंधूपासून घोडनदीपर्यंत

भारतीय उपखंडात गहू-सातूच्या शेतीचे सर्वांत जुने ज्ञात गाव बोलन खिंडीच्या पायथ्याशी, बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे होते. जाँ-फ्रांस्वा जारीज यांच्या मार्गदर्शनाखाली १९७४ पासून तेथे उत्खनन झाले. भिंतींच्या कच्च्या विटांत धान्याचे जे ठसे उमटले आहेत, त्यांत सर्वांत अधिक सातूचे आहेत. वशिंडाचा बैल तेथे पाळीव झाला. काही लोकांच्या दाढांना जिवंतपणी बारीक दगडी टोकाने भोके पाडलेली आढळली. या गावाचा आरंभ इ. स. पू. ७००० च्या सुमारास झाला असे बराच काळ मानले जाई. २०२५ मध्ये तेथील स्मशानातील दातांचे जे नवे कालमापन प्रसिद्ध झाले, त्यानुसार तो इ. स. पू. सहाव्या सहस्रकाच्या अखेरीस आणावा लागतो. पाठ्यपुस्तकांतील तारखा अशा बदलतात, आणि त्या बदलाव्यात हेच योग्य.

राजस्थानातील कालीबंगन येथे बी. बी. लाल व बी. के. थापर यांनी १९६० ते १९६९ या काळात केलेल्या उत्खननात हडप्पा नगरांच्या आधीचे, इ. स. पू. २८०० च्या सुमाराचे नांगरलेले शेत उघडकीस आले. त्यात उभ्या-आडव्या तासांची जाळी स्पष्ट दिसत होती. दोन पिके एकाच शेतात घेण्याची तशीच रीत त्या भागातील शेतकरी उत्खननाच्या वेळीही पाळीत होते. नांगर आला म्हणजे मनुष्याच्या श्रमात बैलाचे श्रम मिळाले. महाराष्ट्रात ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे अन्न न खाण्याचे व्रत आहे. त्याचा प्राचीन काळाशी धागा जोडण्यास काही आधार नाही. पण नांगराविना पिकलेले अन्न आणि नांगराने पिकविलेले अन्न असा भेद करण्याची जाणीव त्यात आहे, हे लक्षणीय होय.

हडप्पा व मोहेंजो-दडो यांचा शोध जॉन मार्शल यांनी १९२४ मध्ये जगापुढे मांडला. ही नगरे इ. स. पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीत होती. त्यांच्या विटांच्या जाडी, रुंदी व लांबीचे प्रमाण १ : २ : ४ असे ठरलेले होते. चौकोनी दगडी वजने लहानापासून दुप्पट-दुप्पट वाढत जात, आणि त्यांत सर्वाधिक आढळणारे वजन सुमारे साडेतेरा ग्रॅमचे, म्हणजे मूळ लहान वजनाच्या सोळापट आहे. सोळा छटाकांचा शेर आणि सोळा आण्यांचा रुपया वापरलेल्या पिढीस ही सोळाची पट ओळखीची वाटेल. मात्र दोहोंत परंपरेचा संबंध असल्याचे सिद्ध झालेले नाही.

या नगरांतील दोन मोठ्या वास्तूंस ‘धान्याचे कोठार’ असे नाव मिळाले आणि ते पुष्कळ पुस्तकांत छापले गेले. पण या वास्तूंत जळके धान्य, मापे किंवा साठवणीची भांडी अशी काही ठोस खूण मिळाली नाही, म्हणून अलीकडचे बहुतेक अभ्यासक हे नाव स्वीकारीत नाहीत. उरुकसारखा शिध्याचा हिशेबही येथे मिळत नाही. जे लेख आहेत ते अगदी त्रोटक आणि अद्याप न वाचलेले. एवढ्या लोकवस्तीचे अन्न गोळा कसे होई, ते कोण वाटी आणि त्याबद्दल कोणास काय द्यावे लागे, हे हडप्पा संस्कृतीविषयीचे कदाचित सर्वांत मोठे कोडे आहे. सातू तोच, गहू तोच. पण त्यांवर उभी राहिलेली समाजरचना दक्षिण इराकमधल्याहून निराळी असावी, एवढे म्हणता येते.

सातूचा हा प्रवास दख्खनमध्येही पोहोचला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हे ताम्रपाषाणयुगीन गाव इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसले. सातू हे तेथील मुख्य पीक होते; त्याशिवाय गहू, मसूर, कुळीथ अशी पिके होती. नदीचे पाणी वळविण्यासाठी लोकांनी कालवा व बांध काढला होता. बहुतेक घरे आयताकृती होती. त्यांत एक घर पाच खोल्यांचे होते आणि त्यास लागूनच धान्याचे कोठार होते. गावातील धान्य गोळा करणाऱ्या मुख्याचे ते घर असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. मेलेल्या अर्भकास दोन मातीच्या कुंभांत, तोंडास तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरीत.

इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटू लागले. त्यानंतरच्या थरांत आयताकृती घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. धान्याचे अवशेष कमी होत जातात. शेळ्यामेंढ्यांची आणि शिकार केलेल्या हरणांची हाडे वाढत जातात. सहाशे वर्षे पेरणी-कापणी केलेले लोक हळूहळू गुरे-मेंढरे घेऊन वर्षाचा काही काळ भटकू लागले होते. इ. स. पू. ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडले.